ऊन, उतार आणि दिशा

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

भूगोल शिक्षक, बी.ए., बी.एड., तुमसर



या मेळाव्यात दरवर्षी शिस्त, अभ्यास आणि पालकांची जबाबदारी या विषयांवर बोलले जाते. ते आवश्यकच आहे. यंदा मात्र सचिव साहेबांनी विषय निवडण्याची मोकळीक मला दिली, आणि मी भूगोल शिकवणारा माणूस असल्यामुळे ऊन हा विषय घेतला. तुम्ही म्हणाल, उन्हात सांगण्यासारखे काय आहे? ते तर आम्ही चैत्रापासून डोक्यावर घेऊन फिरतो. पण आपल्याला ऊन किती पडते हे ठाऊक असले, तरी ते कोणत्या भिंतीवर, कोणत्या छतावर आणि कोणत्या महिन्यात किती पडते याचा हिशोब आपण क्वचितच करतो. तो हिशोब न केल्यामुळे पैसा वाया जातो, आणि मुलांचे नुकसानही होते. दोन्हींची उदाहरणे मी पुढे सांगणार आहे.

आधी वर्गातली एक गोष्ट. दरवर्षी मी आठवीत विचारतो, उन्हाळा का होतो? निम्मी मुले ठणकावून सांगतात, सर, तेव्हा सूर्य जवळ येतो. उत्तर चुकीचे आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण शेकोटीपाशी बसलेलो असतो तेव्हा. त्या वेळी अंतर सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर असते, तर जुलैच्या आरंभी ते सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटर होते. म्हणजे फरक अंतराचा नाही, किरण सरळ पडतात की तिरपे, याचा आहे.

घरी एक प्रयोग करून पाहा. अंधारात वहीच्या पानावर टॉर्च सरळ वरून धरा. प्रकाशाचे लहान, लख्ख वर्तुळ दिसेल. आता टॉर्च तिरपी करा. वर्तुळ लांबट होईल आणि फिके पडेल. टॉर्च तीच, सेलही तेच. उजेड मात्र जास्त जागेवर वाटला गेला. किरण पानाशी ३० अंशांचा कोन करून आले, तर तोच उजेड दुप्पट जागेवर पसरतो आणि प्रत्येक बोटभर जागेच्या वाट्याला निम्माच येतो. सूर्याचेही असेच आहे. फरक इतकाच की सूर्य आपल्याला हलवता येत नाही, वही मात्र हलवता येते. आज मी जे सांगणार आहे ते या वहीबद्दलच आहे.

माझी अम्मी शाळेची पायरी फारशी चढली नाही, पण हे तिला पक्के माहीत होते. मे महिन्यात ती सेवया आणि पापड गच्चीवर सपाट चादरीवर घाली. हिवाळ्यात मुगवड्या वाळवायच्या झाल्या की बाज अंगणात आणून तिची उत्तरेकडची बाजू दगडांवर दीड फूट उचलून ठेवी, म्हणजे बाज दक्षिणेकडे कलती होई. आम्ही विचारले तर म्हणे, थंडीत सूर्य खाली उतरतो, त्याच्याकडे तोंड करावे लागते. पुढे मी गणित मांडून पाहिले. तुमसरला २२ डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो. सपाट जमिनीवर त्या वेळी थेट किरणांचा ७१ टक्के भाग पडतो आणि अम्मीच्या बाजेवर ८६ टक्के. म्हणजे दोन-तीन दगडांच्या जोरावर शंभराला वीस टक्के ऊन जास्त. मेमध्ये सूर्य डोक्यावरच असतो, म्हणून बाज सपाट.

आता आपल्या गावाच्या एका वैशिष्ट्याकडे येतो. ते मला फार उशिरा, नकाशावर बोट फिरवताना उमगले. तुमसरचे अक्षांश आहेत सुमारे २१ अंश २३ मिनिटे उत्तर. मक्का शरीफचे अक्षांश २१ अंश २५ मिनिटे उत्तर. याचा अर्थ, उत्तर-दक्षिण हिशोबाने आपण आणि मक्का जवळजवळ एकाच रेषेवर आहोत. फरक पाच किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे ज्या दिवशी तुमसरला सूर्य बरोबर माथ्यावर येतो, त्याच दिवशी तो काबा शरीफच्याही माथ्यावर येतो. असे दिवस वर्षातून दोनच वेळा येतात, २७-२८ मे आणि १५-१६ जुलै. २८ मे रोजी आपल्याकडे दुपारी १२ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास उभ्या काठीची सावली तिच्या पायातच नाहीशी होते. आपल्याकडे ज्याला नवतपा म्हणतात ते दिवस २५ मेच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे हा दिवस नेमका त्यांच्या पोटात येतो. जुन्या लोकांनी ताप कोणत्या दिवसांत मोजला, हे यावरून लक्षात येते.

त्यानंतर पृथ्वी फिरत राहते, आणि दोन तास चाळीस मिनिटांनी, म्हणजे आपल्या घड्याळात २ वाजून ४८ मिनिटांच्या सुमारास, तोच सूर्य काब्याच्या माथ्यावर असतो. त्या क्षणी जगात जिथे जिथे ऊन आहे, तिथे तिथे सूर्याकडे तोंड केले की किब्ल्याकडे तोंड होते. यंत्र नको, मोबाईल नको. एक सरळ काठी आणि ओळंबा पुरे. १६ जुलैला हीच वेळ २ वाजून ५७ मिनिटांच्या आसपास येते, पण तेव्हा आपल्याकडे बहुधा पावसाळी ढग असतात. म्हणून मेमधला दिवस साधावा.

येथे एक गंमत आहे, ती मुलांनी लक्षात घ्यावी. अक्षांश सारखेच आहेत, तर किब्ला बरोबर पश्चिमेला हवा ना? तसा तो नाही. तुमसरहून तो पश्चिमेपासून सुमारे साडेसात अंश उत्तरेकडे झुकलेला आहे. शाळेतल्या पृथ्वीगोलावर तुमसर आणि मक्का यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा अक्षांशाच्या रेषेला चिकटून न जाता उत्तरेकडून कमान घेतो, कारण गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता तोच. (कोणत्याही मशिदीच्या दिशेबद्दल वाद उभा करावा असा माझा मुळीच हेतू नाही. तो उलेमांचा प्रांत आहे. मी गोल आणि दोरा एवढ्यापुरताच बोलतो.) अल्-बिरूनी, ज्यांचा जन्म इ.स. ९७३ चा, त्यांनी सावल्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि गझनी शहराचा किब्ला काढण्यासाठी ठिकाणांचे अक्षांश-रेखांश कसे ठरवावेत यावर दुसरा लिहिला. सावली हा आपल्याकडे कधी काळी गंभीर अभ्यासाचा विषय होता.

सावलीचा हिशोब आपण आजही दिवसातून दोनदा करतो, मात्र छापील तक्ता पाहून. जोहरची वेळ सूर्य ढळल्यावर सुरू होते आणि असरची सावलीच्या लांबीवरून ठरते. त्यात साया-ए-असली, म्हणजे भर दुपारची मूळ सावली, वेगळी धरावी लागते. ती का? एक मीटर काठी घ्या. मेअखेरीस तिची दुपारची सावली शून्य. २१ मार्चला ती सुमारे ३९ सेंटिमीटर. आणि डिसेंबरअखेरीस जवळजवळ पूर्ण एक मीटर! भर दुपारीच सावली काठीएवढी. मूळ सावली वजा केली नाही तर हिवाळ्यात जोहरची वेळ होता होताच असर झाली असे म्हणावे लागेल. बुजुर्गांनी ही अट उगाच घातलेली नाही. आणि ज्या कोनामुळे ती सावली लांबते, त्याच कोनामुळे तुमच्या छतावरचे ऊन कमी होते.

आता पैशाची गोष्ट. २०२४ साली केंद्र सरकारची घरांच्या छतावरील सौर विजेची सूर्यघर योजना सुरू झाली आणि आपल्या मोहल्ल्यांतही सोलरच्या प्लेटा दिसू लागल्या. माझ्या मामूंनीही त्या बसवल्या. मामूंचे घर टिनाच्या छताचे, उतार उत्तरेकडे, गल्लीच्या बाजूला. बसवणारे बाहेरगावचे होते. त्यांनी प्लेटा टिनाला समांतर ठोकून दिल्या आणि ते निघून गेले. मे-जूनमध्ये वीज भरपूर झाली. मामू चहाच्या टपरीवर सर्वांना सांगत फिरले. दिवाळीनंतर आकडा घसरू लागला आणि डिसेंबरमध्ये बिल पाहून ते माझ्याकडे आले. म्हणाले, बेटा, मीटरमध्ये गडबड आहे, अर्ज लिहून दे.

अर्ज लिहिण्याआधी मी कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि एक नट घेऊन छतावर गेलो. उतार निघाला वीस अंश. डिसेंबरच्या माध्यान्ही वीस अंश उत्तरेकडे कललेल्या प्लेटवर थेट किरणांचा ४३ टक्केच भाग पडतो. तीच प्लेट वीस अंश दक्षिणेकडे कललेली असती तर ९१ टक्के पडला असता. निम्म्याहून कमी! हा थेट किरणांचा, तोही भर दुपारचा हिशोब आहे. आकाशातून पसरून येणारा उजेड दोन्हींना मिळतो, त्यामुळे प्रत्यक्ष तूट थोडी कमी भरते. पण मामूंचे मीटर निर्दोष होते हे नक्की. जूनमध्ये मात्र उत्तरेचा उतार किंचित सरस ठरतो, ९५ विरुद्ध ९३. म्हणून तर उन्हाळ्यात कुणाला शंका आली नाही.

शेवटी लोहाराकडून लोखंडी अँगल करून घेतले, प्लेटा उचलून दक्षिणेकडे तोंड करून बसवल्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून पाया मजबूत करावा लागला. खर्च झाला तो झालाच. मामू अजून म्हणतात, तू आधी का नाही सांगितलेस? त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मी दर आठवड्याला वर्गात फळ्यावर हीच आकृती काढत होतो, आणि चार गल्ल्यांपलीकडच्या मामूंच्या छताकडे मान वर करून पाहिले नव्हते.

ज्यांना सोलर बसवायचे आहे त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. तोंड दक्षिणेकडे, कल गावाच्या अक्षांशाएवढा, म्हणजे आपल्याकडे वीस-एकवीस अंश. तो एखाद-दोन अंशांनी चुकला तर काही बिघडत नाही, त्यासाठी कारागिराशी भांडू नका. सपाट ठेवली तर वर्षाच्या हिशोबात तोटा दहा टक्क्यांच्या आत राहतो, पण धूळ साचते, पावसाने धुतली जात नाही. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करण्यावाचून इलाज नसेल तर कल कमी ठेवा. उत्तर टाळा. आणि पाण्याची टाकी किंवा शेजारच्या कडुनिंबाची सावली उन्हाळ्यात पाहून खूश होऊ नका. डिसेंबरमध्ये तीच सावली कितीतरी लांबते.

छतापेक्षा भिंतींची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे, आणि आजचा माझा मुख्य मुद्दा तोच आहे. जूनच्या २१-२२ तारखेला तुमसरला सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो, माध्यान्हीदेखील माथ्याच्या दोन अंश उत्तरेलाच राहतो आणि पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला मावळतो. म्हणजे दिवसभरात तो दक्षिणेकडे येतच नाही. म्हणून त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर एकही थेट किरण पडत नाही. उलट डिसेंबरमध्ये त्याच दक्षिण भिंतीवर दिवसभरात सपाट छतापेक्षाही जास्त ऊन पडते. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात ऊबदार: इतकी शहाणी भिंत दुसरी नाही. तिच्यात चार फूट उंचीची खिडकी ठेवली आणि तिच्या लगत वर दोन फुटांचा छज्जा काढला, तर मार्चअखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचे ऊन खिडकीत शिरत नाही, आणि डिसेंबरमध्ये खालची निम्मी खिडकी उन्हाने भरून जाते. पंखा नको, वीज नको. आपल्या जुन्या कवेलूच्या घरांत ओसरी आणि पुढे आलेली छपरी होती, तीही हेच काम करीत असे. सिमेंटचे घर बांधताना आपण पहिल्यांदा तीच कापली.

पश्चिमेची भिंत याच्या उलट. एप्रिलच्या मध्याला दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजापासून ३४ अंशांवर असतो. त्या वेळी छताच्या एका चौरस फुटावर जेवढे थेट ऊन पडते, त्याच्या दीडपट पश्चिम भिंतीच्या एका चौरस फुटावर पडते. छज्जा तेथे उपयोगी पडत नाही, कारण ऊन वरून येत नाही, समोरून येते. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली चार वाजता जेमतेम सव्वा फूट उतरते, आणि पाच वाजता नऊ इंच. पूर्वेच्या भिंतीवरही सकाळी तेवढेच ऊन असते, पण सकाळी हवा थंड असते, भिंत रात्रभर निवलेली असते. पश्चिमेला ऊन पोहोचते ते दिवसभर तापलेल्या हवेवर आणखी भर घालायला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी दुसऱ्या एका गावी शिकवत होतो. तिथल्या नववीच्या वर्गाला पश्चिमेकडे तीन मोठ्या खिडक्या होत्या, पडदे नव्हते. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, दुपारचा पेपर, माझे पर्यवेक्षण. खिडकीजवळच्या रांगेतली एक मुलगी सारखी हालचाल करीत होती. कधी ओढणी डोळ्यांवर ओढी, कधी पुठ्ठा खिडकीकडे उभा धरून त्याच्या सावलीत दोन ओळी लिही, मग पुठ्ठा पडे. मला वाटले, कॉपीचा प्रकार असावा. मी दोनदा तिच्याजवळ जाऊन नीट बस म्हणून दटावले. तिसऱ्यांदा ती रडू लागली, आणि लिहिणे थांबले ते थांबलेच. घंटा झाल्यावर पेपर गोळा करताना मी तिच्या जागेवर वाकलो, तेव्हा समोरून ऊन असे डोळ्यांत आले की पांढऱ्या कागदावरची अक्षरे मलाच दिसेनात. तिचे शेवटचे दोन प्रश्न कोरे होते. मी वर्गशिक्षकांना सांगितले, पण कोऱ्या पानाला गुण कसे देणार? त्या मुलीची माफी मी मागितली नाही. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, आणि शिक्षकाने माफी मागायची नसते असे मला वाटत असे.

म्हणून संस्थेच्या नव्या दोन वर्गखोल्यांबद्दल मला बोलायचे आहे. त्यांच्यासाठी तुमच्यापैकी कित्येकांनी वर्गणी दिली आहे. कुणी धानाचे पैसे आल्यावर दिली, कुणी महिन्याला थोडी थोडी. नकाशा कार्यालयात लावलेला आहे. त्यात खोल्या उत्तर-दक्षिण लांब आहेत, आणि सर्व खिडक्या पश्चिमेकडे, रस्त्याच्या बाजूला, कारण इमारतीचा दर्शनी भाग तिथून चांगला दिसेल. माझी विनंती अशी की, हाच नकाशा नव्वद अंशांत फिरवावा. खोल्या पूर्व-पश्चिम लांब, खिडक्या उत्तरेला आणि दक्षिणेला, दक्षिणेकडे व्हरांडा, आणि पश्चिमेला पूर्ण बंद भिंत. विटा तेवढ्याच, सिमेंट तेवढेच, स्लॅब तेवढाच. उत्तरेच्या खिडक्यांत जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ थोडे तिरपे ऊन येईल हे खरे, पण विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, आणि तोवर पाऊसही आलेला असतो.

याला एक हरकत आहे आणि ती खोटी नाही. इमारत फिरवली तर ती मैदानात शिरते आणि कबड्डीच्या मैदानाची जागा जाते. आमचे क्रीडाशिक्षक माझ्यावर नाराज आहेत, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही झालो असतो. मागच्या बाजूला विहिरीलगतची जागा साफ केली तर मैदान तिकडे नेता येईल असे मला वाटते; त्यांना ती जागा उतरती वाटते. हे कार्यकारी मंडळाने प्रत्यक्ष पाहून ठरवावे. फिरवणे अगदीच शक्य नसेल, तर निदान पश्चिमेच्या खिडक्या लहान करून त्यांना जाळी लावावी आणि रस्त्याच्या कडेने आत्ताच कडुनिंब लावावेत. झाड मोठे व्हायला सात-आठ वर्षे लागतील. तोपर्यंत त्या रांगेत बसणारी मुले तुमचीच असतील. मंडळाची पुढची बैठक जूनमध्ये आहे, नकाशा तेव्हा पक्का होईल.

त्याआधी २८ मे येतो. सुट्टीचे दिवस आहेत, ऊन कडक असेल, हे मला ठाऊक आहे. तरीही ज्या पालकांना आणि विद्यार्थ्यांना जमेल त्यांनी पावणेबारापर्यंत शाळेच्या मैदानावर यावे. येताना डोक्याला रुमाल, पाण्याची बाटली आणि एक सरळ काठी आणावी. ओळंबा मी गवंड्याकडून आणून ठेवीन. बारा वाजून आठ मिनिटांनी सावली नाहीशी होताना पाहू. मग जोहरची नमाज आणि थोडा आराम झाला की २ वाजून ४८ मिनिटांना पुन्हा मैदानावर येऊन सावलीची रेष चुन्याने आखू. आणि चार वाजता, ज्यांना घाई नसेल त्यांनी, जिथे नव्या खोल्यांची पश्चिम भिंत येणार आहे त्या जागी माझ्याबरोबर पाच मिनिटे पश्चिमेकडे तोंड करून वही उघडून उभे राहावे. क्रीडाशिक्षकांनी यायचे कबूल केले आहे.